वाशिमचं विसरलेलं राज्य

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा. कान तेवढा इकडे असू द्या. आज आपल्याला बरंच मागं जायचं आहे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात इतिहास म्हटला की आधी आठवतं सिंदखेडराजा. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा. दरवर्षी १२ जानेवारीला आपण तिथं जातो, माथा टेकतो, आणि ते बरोबरच आहे. पण मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका पोरीनं विचारलं, "ताई, जिजाऊंच्या आधी इथं कोण होतं?" कोणी यादव म्हणालं, कोणी निजाम म्हणालं, एक जण म्हणाली जंगल असेल. मग हसू झालं आणि हप्त्याचे पैसे मोजायला सुरुवात झाली.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. म्हणून आज सांगते. जिजाऊंच्या जन्माच्या जवळजवळ पावणेतेराशे वर्षं आधी, आपल्या शेजारी वाशिमला एक राजधानी होती. तेव्हा वाशिमचं नाव होतं वत्सगुल्म. तिथं वाकाटक घराण्याची एक शाखा सुमारे पावणेदोनशे वर्षं राज्य करत होती. साधारण इसवी सन ३३० ते ५००.

आता तुम्ही म्हणाल, वाशिम तर दुसरा जिल्हा. हो, पण जिल्हे आपण आत्ता पाडले. मेहकरहून डोणगाव, मालेगाव करत एसटीनं वाशिमला जाता येतं, लग्नाकार्याला आपण जातोच. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, मेहकरवरून वाहत वाशिमकडे जाते. आणि त्या राजांचं सगळ्यांत मोठं काम आहे अजिंठ्याला. वाशिम एका बाजूला, अजिंठा दुसऱ्या बाजूला, आणि मधे काय? मधे आपण. वाशिमहून अजिंठ्याला जायची वाट आपल्याच मातीतून जाते.

मग इतकं जवळचं राज्य आपल्याला ठाऊक कसं नाही? तर ते इतिहास लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. १९३९ साली वाशिमला तांब्याचे पत्रे समोर आले. त्यांना म्हणतात ताम्रपट. राजानं कोणाला जमीन किंवा गाव दान दिलं की तो हुकूम तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचे. कागद कुजतो, कापड फाटतं, तांबं टिकतं. पत्र्यांना भोक पाडून कडीत ओवायचे, म्हणजे एकही पान हरवू नये. आपण रेशनकार्ड, आधार, पासबुक एका पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो ना, तसंच समजा.

तोपर्यंत वाकाटकांची एकच शाखा नीट माहीत होती, नागपूरकडची. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात भिंतीवर एक लेख आहे, त्यात राजांची नावं आहेत, पण तो लेख पाण्यानं झिजलेला. नावं धड लागत नव्हती. वाशिमचा ताम्रपट वाचला तेव्हा ती लागली. दोन ठिकाणची नावं जुळवली, आणि एक अख्खं राज्य पुन्हा उभं राहिलं.

बायांनो, तांब्याला मोडीत भाव मिळतो. सोळाशे वर्षांत त्या पत्र्यांची कोणी घागर करून घेतली असती, तर आज मी तुमच्याशी या विषयावर बोलतच नसते.

आता त्या घराण्याची गोष्ट ऐका. पहिला पुरुष विंध्यशक्ती. त्याचा मुलगा प्रवरसेन. हा फार मोठा झाला, चार अश्वमेध यज्ञ केले, स्वतःला सम्राट म्हणवलं. पण मोठ्या घराचं होतं तेच झालं. प्रवरसेनाच्या मागं वाटणी झाली. एक शाखा गेली नंदिवर्धनला, म्हणजे आजचं नागपूर जिल्ह्यातलं रामटेकजवळचं नगरधन. तिथं प्रवरसेनाचा नातू गादीवर बसला. दुसऱ्या मुलानं, सर्वसेनानं, आपलं घर मांडलं वत्सगुल्माला. वाशिमची शाखा ती ही.

वाशिमच्या ताम्रपटात या प्रवरसेनाला एक विशेषण लावलं आहे, हारितीपुत्र. म्हणजे आईच्या कुळावरून ओळख. दुसऱ्या शाखेत गौतमीपुत्र नावाचा राजपुत्र होता, आणि त्याच्याही आधी पैठणचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. मोठमोठे राजे आईकडची ओळख मिरवत होते. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचा नियम झाला, तेव्हा किती जणांनी भुवया उंचावल्या होत्या! म्हणे, हे काय नवीन खूळ. खूळ नवीन नाही, फार जुनं आहे.

हा सर्वसेन राजा कवीसुद्धा होता. त्यानं 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. ते आज आपल्या हाती नाही, पण पुढच्या मोठ्या पंडितांनी त्याची वाखाणणी केली म्हणून आपल्याला ते कळतं. विषय काय होता माहीत आहे? कृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला ती कथा. झाड सत्यभामेच्या दारात आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात, ही गोष्ट आपल्या आजीनं आपल्याला सांगितली. वाशिमच्या राजाला त्याच सत्यभामेच्या रुसव्यावर काव्य लिहावंसं वाटलं, याची मला मोठी गंमत वाटते.

आणि कोणत्या भाषेत लिहिलं? संस्कृतात नाही, प्राकृतात. प्राकृत म्हणजे लोकांची बोलायची भाषा. आपली मराठी तिच्याच पोटची. प्राकृतात हाताला म्हणत हत्थ, दुधाला दुद्ध, आजला अज्ज. ऐकलंत? हत्थचा झाला हात, दुद्धचं झालं दूध, अज्जचा झाला आज. हे शब्द कोणी पोथीत जपले म्हणून आपल्यापर्यंत आले नाहीत. गोठ्यात, चुलीपाशी, पाळण्यापाशी रोज बोलले गेले म्हणून आले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा प्राकृतालाही मिळाला. लेकीबरोबर मायचाही सत्कार झाला म्हणायचा.

सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. वाशिमचा ताम्रपट याचाच, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीचा. सुरुवातीची राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा खरा व्यवहार प्राकृतात. म्हणजे मानपान मोठ्या भाषेत आणि कामाची गोष्ट लोकांच्या भाषेत. आजही सरकारी कागदाचं वरचं काही कळत नाही, पण खाली "सही करा" एवढं बरोबर कळतं, तशातलाच प्रकार.

त्या ताम्रपटानं नांदेडच्या बाजूचं एक गाव ब्राह्मणांना दान दिलं. नांदेडला तेव्हा नंदिकड म्हणत. दान कोणाला मिळालं यापेक्षा मला त्यातली सवलतींची यादी महत्त्वाची वाटते. या गावात शिपाई शिरणार नाहीत. या गावाकडून फुलं आणि दूध घेतलं जाणार नाही. गाई-बैल मागितले जाणार नाहीत. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्यासाठी खाट, बसायला कातडं, कोळसा द्यावा लागणार नाही. मिठासाठी खणलं जाणार नाही. आणि वेठ माफ.

आता नीट विचार करा. एका गावाला हे सगळं माफ केलं, याचा अर्थ काय? याचा अर्थ बाकीच्या गावांना हे सगळं द्यावं लागत होतं. साहेब मुक्कामाला आला की खाट कोणाची निघणार? घरातल्या म्हातारीची. दूध कोणाच्या हातून जाणार? जिनं पहाटे उठून धार काढली तिच्या. लेकराच्या वाटीतलं दूध उचलून साहेबाच्या ताटात. ताम्रपटावर त्या बाईचं नाव नाही. पण "दूध घेतलं जाणार नाही" हे तीन-चार शब्द आहेत ना, त्यांच्या मागं ती उभी आहे. मला तरी ती दिसते.

वेठ हा शब्दही पाहा. संस्कृतात विष्टि, त्याचं झालं वेठ. बिनपैशाचं, जबरदस्तीचं काम. राज्य गेलं, राजाचं नाव पुसलं, पण वेठ हा शब्द आपल्या तोंडात राहिला. अजूनही आपण म्हणतो, "मला का वेठीला धरता?" गरिबांच्या जे वाट्याला येतं, ते भाषा विसरत नाही.

या राज्यात सगळंच घेणं होतं असं नाही, देणंही होतं. वाशिमजवळ हिस्से बोराळा म्हणून गाव आहे. तिथं एक दगडी लेख सापडला. देवसेन राजाच्या काळातला. देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्यानं तिथं एक तळं बांधलं आणि त्याला नाव दिलं सुदर्शन. लेखात साल आहे शके ३८०. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर शके लिहिलेलं असतं, तेच हे शके. गुढीपाडव्याला बदलतं ते. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं. ३८० आणि ७८, झाले ४५८. इसवी सन ४५८. वाकाटकांच्या बाकीच्या लेखांत "राजाच्या अमुक वर्षी" एवढंच असतं. शकाचं साल आणि सप्तर्षींचं स्थान सांगणारा हा एकच लेख. म्हणून या तळ्याच्या खुंटीला सगळ्या राज्याचा काळ बांधता येतो.

सुदर्शन हे नावही उगीच दिलेलं नाही. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी त्याच नावाचं एक जुनं प्रसिद्ध तळं होतं. ते ४५५ सालच्या पावसात फुटलं आणि गुप्त राजाच्या अधिकाऱ्यानं ते दुरुस्त केलं. तिकडे तळं दुरुस्त झालं आणि दोनेक वर्षांत इकडे वाशिमला सुदर्शन बांधून झालं. म्हणजे दुष्काळ, पाऊस, पाणी अडवणं ही चिंता तेव्हाही होती. ज्या बायांनी जलसंधारणाच्या कामावर माती उचलली आहे, ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना मी तळ्याची किंमत काय सांगू? लेखात अधिकाऱ्याचं नाव आहे. पण माती कोणी वाहिली, ते तुम्हाला माहीत आहे.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याच्या काळात हे राज्य सगळ्यांत मोठं झालं. अजिंठ्याच्या लेखात त्याच्या नावाशी जोडलेल्या देशांची यादी आहे. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र. आजच्या भाषेत माळव्यापासून ओडिशापर्यंत आणि दक्षिण गुजरातपासून आंध्रापर्यंत. राजांच्या स्तुतीत थोडं वाढवून सांगायची पद्धत असतेच, तेवढं सोडून देऊ. पण राज्य बलाढ्य होतं एवढं नक्की.

हरिषेणाचा प्रधान वराहदेव. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं यानं कोरवून घेतलं. जंजाळ्याजवळचं घटोत्कच लेणंही त्याचंच. १७ नंबरचं लेणं हरिषेणाच्या एका मांडलिकानं केलं. राजघराणं शिवाला मानणारं, यज्ञ करणारं, ब्राह्मणांना गावं देणारं. आणि त्याच राजाचा प्रधान बुद्धाच्या भिक्षूंसाठी डोंगर पोखरून विहार देतो. राजानं त्याला अडवलं नाही. आपल्या गावातही दर्गा आहे, विहार आहे, मारुती आहे. एकमेकांच्या कार्याला जायची रीत या मातीत फार जुनी आहे, एवढंच मी म्हणते.

अजिंठ्याला कधी गेलात तर १६ नंबरमध्ये एक चित्र जरूर पाहा. नवरा घर सोडून भिक्षू झाल्याची बातमी ऐकून एक राजस्त्री कोसळली आहे, मैत्रिणी तिला सावरत आहेत. आणि १७ नंबरमध्ये भिक्षापात्र घेऊन दारात आलेल्या बुद्धासमोर यशोधरा आपल्या लेकराला पुढं करून उभी आहे. धर्म मोठा, त्याग मोठा, हे सगळं खरं. पण मागं राहिलेल्या बाईचं काय होतं, हेही त्या चितारणाऱ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि भिंतीवर लिहून ठेवलं.

आता मी तुम्हाला वाशिमच्या चुलतघरी घेऊन जाते, नंदिवर्धनला. कारण या घराण्यातली सगळ्यांत मोठी बाई तिथली. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. उत्तरेतला गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची ही लेक. आई नागकुळातली, कुबेरनागा. लग्न होऊन विदर्भात आली, रुद्रसेन राजाच्या घरी. नवरा लवकर गेला. पदरात लहान मुलं. भोवती दरबार, सेनापती, भाऊबंद. अशा वेळी विधवा बाईला लोक काय सांगतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिनं कारभार हातात घेतला आणि निदान तेरा वर्षं मुलाच्या नावानं राज्य चालवलं.

तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी होता. पाहा बरं, तांबटाच्या घरी! ज्याचा धंदाच तांबं वितळवायचा, त्याच्या घरी ते पत्रे सांभाळून ठेवलेले होते. त्या पत्र्यांच्या मुद्रेवर काय म्हटलं आहे? ही युवराजाच्या आईची आज्ञा आहे. आणि आत वंशावळ दिली आहे ती सासरची नाही, माहेरची. आपले वडील, आजोबा, पणजोबा. लग्न झालं की बाईचं गोत्र बदलतं असं आपण मानतो. तिनं वडिलांचंच गोत्र सांगितलं, धारण गोत्र. दुसरा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला. त्या वेळी तिचा दुसरा मुलगा राजा झालेला होता, तरी दान तिनं स्वतःच्या नावानं दिलं, रामटेकच्या देवापाशी.

काही वर्षांपूर्वी नगरधनला उत्खनन झालं, तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. वर ब्राह्मी अक्षरात नाव आणि खाली शंख. मुद्रा म्हणजे आजचा शिक्का. ग्रामपंचायतीत सरपंच बाई असते आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात असतो, असं आपण पाहिलं आहे. सोळाशे वर्षांपूर्वी प्रभावतीचा शिक्का प्रभावतीच्या नावाचा होता.

मी तिला देवी करत नाही. ती सम्राटाची लेक होती, तिच्या पाठीशी बापाची ताकद होती. खाट आणि दूध देणाऱ्या गावातल्या बाईला असा ताम्रपट कोणी करून दिला नाही. पण एक गोष्ट तिच्याकडून घ्यावी. माहेर सोडलं म्हणजे माहेरची ओळख सोडली असं तिनं मानलं नाही, आणि जे केलं ते आपल्या नावानं लिहून ठेवलं.

आता वत्सगुल्माचा शेवट. हरिषेणानंतर हे राज्य बघता बघता मोडलं. पुढं सातव्या शतकात दंडी नावाच्या लेखकानं 'दशकुमारचरित' लिहिलं. त्याच्या शेवटच्या भागात विदर्भाच्या एका राजाची कथा आहे. इतिहासाच्या काही मोठ्या अभ्यासकांना वाटतं की त्या कथेत वत्सगुल्माच्या शेवटाची आठवण दडलेली आहे. कथा म्हणून ऐका.

चांगल्या राजाच्या मागं त्याचा मुलगा गादीवर येतो. पोरगा हुशार, पण राज्यकारभाराचा कंटाळा. म्हातारा प्रधान समजावतो, तर एक तोंडपुजा त्याची टिंगल करतो. म्हणतो, कशाला हिशेब, कशाला न्यायनिवाडा, मजा करा. शेजारचा राजा हे पाहतो आणि आपला माणूस पाठवतो. तो माणूस तरुण राजाला शिकार, जुगार, दारू यांचं महत्त्व पटवून देतो. सैन्य ढिलं पडतं, खजिना आटतो, मांडलिक फुटतात. शेजारी चाल करून येतो आणि राजा मारला जातो.

आणि मग उरते राणी. तिचं नाव वसुंधरा. लहान मुलगा आणि मुलगी घेऊन ती नर्मदेकाठी माहिष्मतीला दिराच्या आश्रयाला जाते. तो दीर तिच्यावरच वाईट नजर ठेवतो. ती नकार देते. मग तो मुलाच्या जिवावर उठतो. ती एका विश्वासू नोकराबरोबर मुलाला बाहेर काढते. पुढं त्या मुलाला एक धाडसी मदतनीस भेटतो आणि त्याचं राज्य त्याला परत मिळतं.

कथेत राज्य परत मिळालं. इतिहासात वत्सगुल्माच्या वाकाटकांना ते मिळालं नाही. नंतर दुसरी घराणी आली. सातव्या शतकात अचलपूरकडे राष्ट्रकूटांची एक शाखा होती. त्याच्याही खूप नंतर आपल्या लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं. वत्सगुल्मचं नाव बदलत बदलत वाशिम झालं आणि लोक विसरले.

पण त्या कथेतलं मला जे लागलं, ते सांगते. पुरुष जुगारात आणि दारूत राज्य घालवतो आणि लेकरं घेऊन रस्त्यावर येते ती बाई. आसरा मागायला जाते तर आसऱ्याची किंमत मागितली जाते. ही गोष्ट दंडीनं तेराशे वर्षांपूर्वी लिहिली. आपल्या गटातल्या किती जणी ती अजून जगत आहेत, हे आपण बैठकीत ऐकतो. फरक एवढाच की राज्याच्या जागी दोन एकर कोरडवाहू असतं.

आणि त्या दोन एकरांवर नाव कोणाचं असतं? इथं मला माझं स्वतःचं सांगावं लागेल. वडील गेले तेव्हा भावांनी कागद आणला. हक्कसोडपत्र. मी वाचलं नाही. "कर ना सही, ताई" म्हणाले आणि मी केली. साडीचोळी मिळाली, जेवण झालं, भाऊ स्टँडवर सोडायला आले. भाऊ वाईट नाहीत, आजही दिवाळीला वाट पाहतात. पण मी प्रभावतीच्या ताम्रपटाबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला ती सही आठवली. तिनं आपल्या कागदावर बाप, आजा, पणजा लिहिले. मी माझ्या कागदावर त्यांच्यातून स्वतःचं नाव कमी केलं, तेही न वाचता.

कायदा काय म्हणतो ते ऐकून ठेवा. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात बदल केला. मग ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतकाच हक्क आला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नाही याच्यावर तो अवलंबून नाही. आपल्याच महाराष्ट्रात शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. त्यात नवऱ्यांनी आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची होती. अनेकांनी केलीही. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. घ्यायचं की सोडायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण कागद वाचून ठरवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचून घेऊन ठरवा. सही करण्याआधी एक रात्र तो कागद आपल्या घरात राहू द्या.

आणखी एक काम आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याचं आहे. आपली जमीन जुनी आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन आहे. तिथल्या पांढरीत उत्खनन झालं तेव्हा वाकाटकांच्याही कितीतरी आधीच्या वस्तीच्या आणि बौद्ध स्तूपाच्या खुणा निघाल्या. नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया घेताना तुमच्या गावातही काही निघू शकतं. अक्षरं असलेला तांब्याचा पत्रा, कोरलेला दगड, नाणी, मातीचा शिक्का. तो मोडीत देऊ नका. चिंचेनं घासून लखलखीत करू नका, अक्षरं जातात. कोरलेल्या दगडावर कपडे धुऊ नका. गुप्तधनाच्या नादानं कोणा मांत्रिकाला तर अजिबात बोलवू नका. तहसीलदाराला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. १८७८ सालापासूनचा कायदाच आहे की जमिनीत असं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला सांगावं लागतं. कळवताना फोटो काढून ठेवा आणि तारीख लिहून ठेवा. वाशिमच्या काही पत्र्यांनी एक राज्य परत मिळवून दिलं. तुमच्या बांधावरचा दगड काय सांगेल, कोणाला ठाऊक?

शेवटचं, आणि मग तुम्हाला मोकळं करते. आपल्या गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर काढून पाहा. कितीतरी ठिकाणी लिहिलेलं दिसेल, "पाटलांची सून", "अमक्याची बायको", "मास्तरीणबाई". पुढच्या बैठकीपासून प्रत्येकीचं नाव पूर्ण लिहा. ज्यांना हवं त्यांनी आईचंही लिहा. कर्ज कोणी घेतलं, कोणी फेडलं, बंधाऱ्यावर माती कोणी टाकली, शाळेच्या भिंतीसाठी कोणी अडून बसलं, सगळं तारखेसह लिहा. हिस्से बोराळ्याच्या दगडावर तळं बांधणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव राहिलं, कारण कोणीतरी ते कोरलं. माती वाहणारीचं राहिलं नाही, कारण तिच्यासाठी कोणी कोरलं नाही. आपल्याला तांबं लागत नाही, दगड लागत नाही. चाळीस रुपयांचं रजिस्टर आहे आणि आपल्यातल्या निम्म्या जणींना लिहिता येतं. बाकीच्या सांगतील, आपण लिहू.

त्या पोरीनं विचारलं होतं, जिजाऊंच्या आधी इथं कोण होतं? पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. राजे होते, त्यांची नावं सापडली. आणि त्यांच्यासाठी दूध काढणाऱ्या, माती वाहणाऱ्या, लेकरं घेऊन वाट काढणाऱ्या बायाही होत्या. त्यांचीच भाषा आज आपण बोलतो.

चला, भाकरी करपायच्या आत तव्याकडे बघा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.